२४ लाखांची बीए की पुण्यातलं अनुदानित कॉलेज?

या वेळचं पत्र जरा कापून देतेय, मूळ पत्र पाच पानी होतं.

"ताई, मी बार्शीची. यंदा बारावी आर्ट्सला ८९ टक्के पडले, मराठी मीडियम. मला इतिहासच करायचाय आणि जमलं तर पुढे रिसर्च. हरियाणातल्या एका मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीत माझं सिलेक्शन झालंय (प्लीज नाव छापू नका). चार वर्षांचा हॉस्टेल-मेस धरून खर्च ४८ लाख सांगितलाय, त्यातला निम्मा ते माफ करतायत. उरलेल्या २४ मधले १० लाख बाबा पीएफमधून काढणार आणि १४ चं एज्युकेशन लोन. बाबा झेडपीचे शिक्षक आहेत, ते म्हणतात तू फक्त जा, नाव मोठं आहे, तिथून बाहेर पडलीस की तुझं आयुष्य मार्गी लागलं. दुसरीकडे पुण्यात एका शंभर वर्षं जुन्या कॉलेजात अनुदानित बीएला नंबर लागलाय, फी वर्षाला दहा-बारा हजार. आत्या म्हणते आर्ट्सच करायचं तर पुणं तरी कशाला, बार्शीतच कर. सीट कन्फर्म करायला दहा दिवस आहेत आणि मला रात्री झोप येत नाही. काय करू?
– इतिहासवेडी, बार्शी"

इतिहासवेडे, पाच पानात सगळ्यांची मतं आली, सगळ्यांचे आकडे आले, पण घरात कोणी पेढे आणले असं कुठे वाचायला मिळालं नाही. तर आधी अभिनंदन. मराठी मीडियममधून येऊन इंग्लिशमध्ये प्रवेशाचा निबंध लिहिणं, इंटरव्ह्यू देणं आणि वर निम्मी माफी मिळवणं, हे तू केलंयस, आणि आता तू कुठेही गेलीस तरी ते तुझ्याजवळच राहणारे.

उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचशील. २४ लाख भरून जाऊ नकोस, पुण्याला जा. पण या दहा दिवसांत एक प्रयत्न करायचाय, तो शेवटी सांगते, आणि त्यातून जर ही २४ ची रक्कम सहा-सात लाखांवर आली तर मात्र बिनधास्त हरियाणाला जा, मग माझं बाकीचं ऐकू नकोस.

आता पैशाचं, कारण घरात त्यावर बोलायला सगळ्यांनाच जड जातं. १४ लाख दरवर्षी साडेतीन-साडेतीन असे उचलले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, तर कोर्स चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो हे खरं, पण व्याज काही थांबत नाही, नुसतं सरळव्याज धरलं तरी तेवढ्या काळात पाच लाख चढतात. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी अंगावर १४ नाही, १९ लाख असतील, आणि ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण साडेपंचवीस हजार. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या लोनला बँका बहुतेक वेळा तारण मागतात, म्हणजे राहतं घर नाहीतर प्लॉट. हे बाबांनी तुला सांगितलंय का ते एकदा विचार. केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी नावाची विनातारण कर्जाची योजना आहे, २०२४ च्या शेवटी सुरू झाली, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांनाच आहे, तुझी युनिव्हर्सिटी त्यात येते का ते पोर्टलवर बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता हे बघ. तुला रिसर्च करायचाय. रिसर्चच्या रस्त्यावर चांगल्यात चांगलं काय होऊ शकतं, तर नेट (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय परीक्षा) देऊन जेआरएफ, म्हणजे रिसर्च करणाऱ्यांची शिष्यवृत्ती, मिळणं. ती २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, आणि मिळते ती थोड्यांनाच. त्या ३७ मधून साडेपंचवीस हप्त्याला गेले की उरले साडेअकरा, घरभाडं वेगळं मिळतं पण तरीही साडेअकरा हजारात जेवण, पुस्तकं, दप्तरखान्यांच्या चकरा आणि घरी आजारपण आलं तर ते, असं सगळं चार-पाच वर्षं रेटायचं. कोणी रेटत नाही गं. मग होतं काय की ज्या इतिहासासाठी एवढं कर्ज काढलं, त्या कर्जाच्या हप्त्यासाठीच इतिहास सोडून कुठल्यातरी कन्सल्टिंग कंपनीत रात्री अकरापर्यंत पीपीटी बनवत बसायचं. ज्यांना तेच काम हवंय त्यांच्यासाठी ठीक आहे, मी नावं ठेवत नाही, पण तुझ्या पाच पानात कन्सल्टिंग हा शब्द एकदाही आलेला नाही, मोडी लिपी चार वेळा आलीये.

आता कोणी म्हणेल ताई खासगीच्या विरोधात आहेत. नाहीये मी. या लिबरल आर्ट्सवाल्या युनिव्हर्सिट्या, सोनीपतची अशोका, पुण्याची फ्लेम, बंगळूरची अझीम प्रेमजी, यांनी एक गोष्ट खरंच केली, बीएला परत इज्जत मिळवून दिली, नाहीतर आपल्याकडे आर्ट्स म्हणजे सायन्स-कॉमर्सला नंबर न लागलेल्यांचं काय ते, हे अजूनही ऐकावं लागतं. आणि तिथे पैशाच्या बदल्यात काय मिळतं हे नीट समजून घे, कारण कॅम्पसच्या फोटोत ते दिसत नाही. तिथे तुझं लिहिलेलं कोणीतरी वाचतं. वीस-तीस जणांचा वर्ग, दर आठवड्याला इंग्लिशमधून वाचायला भरपूर पानं, त्यावर तू निबंध लिहायचा, आणि सर किंवा मॅडम तो वाचून इथे तुझा मुद्दा सुटलाय, इथे पुरावा कुठाय, असं समासात लिहून परत देतात. चार वर्षं हे झालं की माणूस विचार करायला शिकतो. पुढे परदेशात मास्टर्सला अर्ज करायचा तर तुला नावानिशी ओळखणाऱ्या प्रोफेसरांची शिफारसपत्रं मिळतात. हे खरंच मौल्यवान आहे, आणि आपल्या सरकारी-अनुदानित कॉलेजांमध्ये नेमकं हेच नाहीये.

का नाहीये तेही सांगते, मी स्वतः काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय, कॉलेजचं नाव सोड. पटावर शंभरच्या वर मुलं, वर्गात पंधरा, परीक्षेच्या आधीच्या महिन्यात अचानक साठ. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, मग नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं तासाच्या हिशेबाने पगार घेऊन दोन-दोन कॉलेजात शिकवतात, आणि तो पगारही महिना संपला की आला असं नाही. अशा माणसाकडे शंभर निबंध वाचून परत द्यायला वेळ कुठून येणार? मुलांनाही निबंध लिहायचा नसतो, नोट्स हव्या असतात, झेरॉक्सवाल्याकडे मिळतात. निकाल लांबतात. इंटर्नलला असाइनमेंट म्हणजे गाईडमधली चार पानं फुलस्केपवर उतरवून स्पायरल बाइंडिंग. तू पुण्याला गेलीस तर हे सगळं बघशील आणि पहिल्या दोन महिन्यांत तुला वाटेल ताईने फसवलं.

म्हणून पुण्याला जायचं ते कॉलेजसाठी कमी आणि पुण्यासाठी जास्त, हे डोक्यात पक्कं ठेवून जायचं. इतिहासाच्या मुलीला त्या शहराइतकं दुसरं कुठलं शहर सोयीचं असेल असं मला खरंच वाटत नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनचं, तिथे मोडीचे वर्ग चालतात. लॉ कॉलेज रोडला भांडारकर प्राच्यविद्या संस्था, येरवड्याला डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी, गणेशखिंडीला विद्यापीठाची जयकर लायब्ररी, आणि पुणे पुराभिलेखागार म्हणजे आपलं पेशवे दप्तर, जिथे मोडीतले कोट्यवधी कागद आहेत आणि वाचणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. 'मराठी रियासत' लिहिणाऱ्या रियासतकार सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत काढले, त्यालाही आता नव्वद वर्षं झाली, आणि बाकीचे रुमाल बांधलेले तसेच पडून आहेत. (सरदेसाई बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीत होते, कुठल्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसर नव्हते, हे बाबांना मुद्दाम वाचून दाखव.) तू दुसऱ्या वर्षापर्यंत मोडी सफाईदार वाचायला लागलीस तर पुढे देशातल्या कुठल्याही युनिव्हर्सिटीत मराठ्यांच्या इतिहासावर काम करणारा माणूस तुला स्वतःहून हाक मारेल, आणि ते तुला हरियाणात बसून ४८ लाखातसुद्धा सहजी मिळणारं नाही. आत्याला हेच सांग. बार्शीच्या कॉलेजात वाईट काही नाही, पण बार्शीत दप्तर नाही.

राहिली ती निबंध वाचणाऱ्याची गोष्ट. ती तुला स्वतः जमवावी लागेल, आपोआप होणार नाही. प्रत्येक जुन्या कॉलेजात एक तरी शिक्षक असा असतो की ज्याला कोणी प्रश्न विचारला की दिवस चांगला जातो, आणि बऱ्याचदा तो कायम जागेवरचा नसतो, तासिकावालाच असतो. पहिल्या महिन्यात त्याला शोध. काय वाचू असं विचारत जाऊ नकोस, हे वाचलं आणि हे कळलं नाही असं म्हणत जा, फरक पडतो. महिन्याला हजार शब्दांचा एक निबंध लिही आणि सर वेळ असेल तेव्हा बघाल का म्हणून दे. दहातले तीन वाचून मिळाले तरी तू वर्गातल्या नव्वद जणांच्या पुढे गेलीस. वाचणारी तीन-चार पोरं जमव, रविवारी एक लेख सगळ्यांनी वाचून भांडायचं, चहाला दहा रुपये. 'समाज प्रबोधन पत्रिका' हे वैचारिक नियतकालिक चाळत जा. सगळंच नाही कळणार, नाही कळलं तर नाही कळलं.

इंग्लिशचं तू भीतभीत लिहिलंयस म्हणून जरा थांबून सांगते. पुणे विद्यापीठात बीएचे पेपर मराठीतून लिहिता येतात आणि पहिलं वर्ष खुशाल मराठीतून लिही, कारण विचार मराठीत येतो तेव्हा उत्तरही मराठीत चांगलं येतं. पण वाचन पहिल्या दिवसापासून इंग्लिश, रोज दहा पानं, डिक्शनरी घेऊन, कंटाळा आला तरी. आणि दुसऱ्या वर्षापासून निबंध इंग्लिशमधून, कारण इतिहासाच्या नेटचा पेपर इंग्लिश-हिंदीत असतो आणि बाहेर एमएला गेलीस की सगळं इंग्लिशच. खासगीत हे पहिल्याच आठवड्यात अंगावर आलं असतं, दिल्ली-मुंबई-बंगळूरच्या शाळांमधून आलेली, इंग्लिशमध्ये भांडणारी आणि इंग्लिशमध्येच जोक मारणारी पोरं आजूबाजूला. काही जणी त्यात सहा महिन्यांत तावूनसुलाखून निघतात, काही जणी हॉस्टेलच्या खोलीत दार लावून बसतात. तू कुठली हे मला पत्रातून कळत नाही आणि खरं तर तुलाही आत्ता कळणार नाही, म्हणून त्या भीतीवर निर्णय घेऊ नकोस, जायचं असेल तरी आणि नसेल तरी.

आणि हे दार आत्ता बंद झालं म्हणजे कायमचं बंद, असं जे तुझ्या डोक्यात बसलंय ना, ते काढ. इतिहासात कोणी तुला बीए कुठून असं फारसं विचारत नाही, एमए कुठून आणि कोणाच्या हाताखाली हे विचारतात. बीए झालं की सीयूईटी-पीजी ही एमएची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा दे, जेएनयू, हैदराबाद सेंट्रल युनिव्हर्सिटी, दिल्ली युनिव्हर्सिटी, टिस (टाटा इन्स्टिट्यूट), सगळी त्यातूनच. जेएनयूची फी नावालाच आहे. अशोकाची एक वर्षाची यंग इंडिया फेलोशिप आहे, ती डिग्रीनंतरच करायची असते, त्यातही फी माफी मिळते, म्हणजे खासगीची चव चाखायचीच असेल तर चार वर्षांच्या जागी एका वर्षाच्या खर्चात, आणि तोपर्यंत तू एकवीस वर्षांची, मोडी येणारी बाई असशील, सतराची घाबरलेली पोरगी नाही. तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं वर्ष ऑनर्सचं करायचं हे आत्ता ठरवूच नकोस. आता चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी केली तर एमए न करता थेट नेट आणि पीएचडी करता येते, पण चौथं वर्ष तुझ्या कॉलेजात नीट चालतं का, गाईड कोण मिळतो, हे तिसऱ्या वर्षी बघून ठरव. माझं मत विचारशील तर तीन करून बाहेरच्या एमएला पळ.

आता दोन शब्द बाबांशी. सर, तुम्ही मुलीला आर्ट्स घेऊ दिलं, तेही ८९ टक्क्यांच्या, यासाठीच तुमचे आभार मानायला हवेत. पण तुमचा पीएफ हा तुमचा म्हातारपणाचा पैसा आहे, आणि मुलीला त्याचं ओझं आत्तापासून कळतंय, म्हणून तिला झोप येत नाहीये. बाहेर पडली की आयुष्य मार्गी लागेल असं तुम्ही म्हणता, तर युनिव्हर्सिटीला एकच विचारा, गेल्या दोन-तीन वर्षांत इतिहास मेजर म्हणजे मुख्य विषय घेऊन किती मुलं बाहेर पडली आणि ती आज काय करतायत. सगळ्या युनिव्हर्सिटीचं सरासरी पॅकेज नको, त्यात कॉम्प्युटर सायन्स आणि इकॉनॉमिक्सची मुलं मिसळलेली असतात. फक्त इतिहासाचं द्या म्हणायचं. आणि अशोका सुरू झाली २०१४ ला, फ्लेम युनिव्हर्सिटी झाली २०१५ ला, म्हणजे यांची पहिली पोरं आत्ता कुठे तिशीला आलीयत, नाव मोठं आहे खरं पण ते पुढे कितपत कामाला येतं हे अजून त्यांनाही पुरतं माहीत नाही. पुण्यात खोली, मेस, फी, पुस्तकं सगळं धरून वर्षाला दीड लाख धरा, तीन वर्षांचे साडेचार. चांगला लॅपटॉप घेऊन द्या. राहिलेल्या पीएफला हात लावू नका, तिच्या एमएला लागला तर तेव्हा बघू.

आता तो प्रयत्न. युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसला आजच मेल टाक, ५० टक्के माफीबद्दल आभार, यायची मनापासून इच्छा आहे, पण उरलेली रक्कम घराच्या आवाक्याबाहेर आहे, फेरविचार करावा. सोबत बाबांचा फॉर्म १६, चालू लोन असेल तर त्याचं स्टेटमेंट, आजीच्या औषधपाण्याचा खर्च तू पत्रात लिहिलायस त्याची बिलं, धाकट्या भावाची फी, सगळं जोड. लाजू नकोस, हे अर्ज तिथे येत असतात आणि कधीकधी माफी वाढते. त्याच मेलमध्ये विचारून घे की माफी चारही वर्षं आहे का, मार्क कमी पडले तर काढून घेतात का, दरवर्षी फी वाढते तेव्हा वाढीवर पण माफी लागू होते का, हॉस्टेल आणि मेस त्यात धरलंय का, आणि सीटसाठी भरलेले पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात. फोनवर कोणी गोड बोलून हो-हो म्हटलं तर ते धरायचं नाही, उत्तर मेलवरच पाहिजे.

उत्तराची वाट बघत पुण्याचं अॅडमिशन लांबवू नकोस, ते याच आठवड्यात कन्फर्म कर, हरियाणाचं जमून गेलंच तर पुण्यात भरलेले दहा हजार बुडाले तरी चालतील. कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलचा फॉर्म लगेच भर, यादी लागायला वेळ लागतो. आणि ते नाही मिळालं तर कॉट बेसिसवर खोली बघायला जाताना बाबांना घेऊन जा, डिपॉझिट किती आणि परत कधी देणार हे पावतीवर लिहून घ्यायचं, पुण्यातल्या मालकिणी त्याबाबतीत फार विसराळू असतात.